उंदीर पडला

आजी उंदीर 'मेला' असं कधी म्हणायची नाही. पिलेगाच्या गोष्टीत उंदीर 'पडायचा'. रात्री आढ्यावरून धप्पकन आवाज यायचा, तिची आई कंदील घेऊन उठायची, आणि सकाळी बैलगाडीत भांडीकुंडी चढायची. दोन दिवसांत गाव ओस. सगळे माळावर, कडब्याच्या झोपड्यांत. वाकळा झोपडीत नेण्याआधी दिवसभर कडक उन्हात पसरायच्या, हा तिच्या आईचा नेम. मरीआईला नारळही तीच फोडायची.

एका वर्षी आजीचे चुलते जोंधळ्यासाठी गावात परतले. बंद घरातली कणगी उपसून पोती घेऊन आले. चौथ्या दिवशी हुडहुडी भरली, जांघेत गाठ आली. "गाठ फुटली असती तर वाचले असते," आजी म्हणायची. ती फुटली नाही.

पिलेगाची, म्हणजे प्लेगची, ही साथ मुंबईत आली 1896 मध्ये. मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या दाटीत, सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ती ओळखली. मूळचे गोव्याचे हे डॉक्टर. रोगाचा जंतू त्याआधी दोनच वर्षं हाँगकाँगमध्ये येरसँ या शास्त्रज्ञांना सापडला होता. तो माणसात शिरतो कसा, हे मात्र उमगलेलं नव्हतं. पुण्यात गोरे सोजीर घरात शिरून माणसं तपासत, सामान जाळत. सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना याच रोगानं 10 मार्च 1897 रोजी गेल्या. सरकार रोग माणसात शोधत होतं आणि गाव उंदरावर नजर ठेवून होतं. माझ्या मते गावाची नजर योग्य जागी होती.

1898 मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं आजारी उंदराशेजारी निरोगी उंदीर ठेवला. मध्ये जाळी, दोघांचा स्पर्श नाही. तरी दुसरा आजारी पडला. जाळीतून पिसू गेली होती. त्यांचं म्हणणं बरीच वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतल्या प्रयोगांनी ते पक्कं केलं.

पिसवेच्या पोटाच्या तोंडाशी जंतू वाढून बोळा बसतो. रक्त आत उतरत नाही. उपाशी पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि ओढलेलं रक्त जंतूंसकट जखमेत उलटून टाकते. तिथून जंतू जवळच्या लसिकाग्रंथीत जाऊन वाढतात. पायाला चावली तर गाठ जांघेत, हाताला चावली तर काखेत. उंदीर मेला, अंग गार पडलं, की पिसवा नवं ऊबदार अंग शोधतात. म्हणजे चुलते त्या घरात शिरले तेव्हा कणगीभोवतीच्या पिसवा उपाशी होत्या, आणि अंगात ऊब असलेले ते एकटेच होते.

हे मला कळलं तेव्हा आजी नव्हती. तिच्या आईनं वाकळा उन्हात का टाकल्या, ते तिला सांगायचं राहिलं.

1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचे रुग्ण निघाले. आता वेळेत प्रतिजैविकं मिळाली तर हा रोग बरा होतो. घराभोवती एकाएकी उंदीर मरून पडू लागले, तर त्यांना हात लावू नका, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात कळवा.