मुदतीच्या तापाचा इंदुरी इतिहास

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत टायफॉइडला मुदतीचा ताप म्हणत. एकवीस दिवस भाताची पेज, मोसंबीचा रस आणि कपाळावर पाण्याच्या घड्या. १८७८ सालापासून इथे वैद्यकीय शाळा होती, पुढे तिला किंग एडवर्डचं नाव मिळालं. पण या तापावर तिथल्या डॉक्टरांकडेही मारा करणारं औषध नव्हतं. आतड्याला भोक पडलं की माणूस जायचा.

१९४८ साली डॉक्टर वुडवर्ड आणि त्यांचे सहकारी क्वालालंपूरला वेगळ्याच तापावर क्लोरॅम्फेनिकॉल देऊन पाहत होते. त्या रुग्णांत टायफॉइडचेही निघाले आणि त्यांचा ताप काही दिवसांत उतरला. तीन आठवड्यांची मुदत संपली. आमच्याकडे हे औषध ‘क्लोरोमायसेटिन’ म्हणून घरोघर माहीत झालं.

मी इंदूरच्या एका खासगी प्रयोगशाळेत कल्चरचं काम करत असे. रुग्णाचं रक्त पित्तयुक्त द्रावणात घालून उबवायचं, मग प्लेटवर ओढायचं. टायफॉइडचे जंतू मॅकाँकी नावाच्या माध्यमाच्या प्लेटवर फिकट, रंगहीन ठिपक्यांसारखे उमटतात. ते दुसऱ्या प्लेटवर पसरून वर औषधांच्या चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ पट्टीने मोजायचं. वर्तुळ मोठं, तर औषध चालणार.

१९९०च्या आसपास देशभर हे चित्र पालटलं. क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, को-ट्रायमॉक्साझोल, तिन्ही चकत्यांना खेटून जंतू वाढू लागले. इशारा खूप आधी मिळाला होता: १९७२ सालीच कालिकतला पणिक्कर आणि विमला या संशोधकांनी क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणारा टायफॉइड नोंदवला होता, आणि हा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातो हेही दाखवलं होतं. प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर अनेक औषधांविरुद्धची जनुकं एकत्र बसतात. त्यामुळे एक औषध वापरलं, तरी बाकीच्यांचा प्रतिकारही टिकून राहतो.

मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं. इथे फसगत जास्त सूक्ष्म होती. सिप्रोच्या चकतीभोवती वर्तुळ दिसायचं, अहवालावर ‘चालेल’ असं लिहिलं जायचं, आणि रुग्णाचा ताप मात्र हटायचा नाही. शेजारी नॅलिडिक्सिक अ‍ॅसिडची चकती ठेवली की खरं कळायचं: तिच्याभोवती वर्तुळच नसे. जंतूच्या स्वतःच्या जनुकात बदल होऊन सिप्रोची धार बोथट झाली होती. आमच्याच शहरातल्या चोइथराम रुग्णालयाचे डी. एस. चिटणीस आणि सहकारी यांनी २००६ साली लेख लिहून टायफॉइडसाठी सिप्रोचा फेरविचार करा, असं सांगितलं. त्याआधी १९९९ साली बहुऔषधरोधी टायफॉइडवरचं त्यांचं पत्र ‘लॅन्सेट’मध्ये आलं होतं. इंदूरला याचा अभिमान वाटायला हवा. पण किती इंदूरकरांना हे माहीत आहे?

चिटणीस आणि सहकाऱ्यांचं २०००चं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दहा रुग्णालयांच्या सांडपाण्यात बहुऔषधरोधी जंतूंचं प्रमाण ०.५८ ते ४० टक्के निघालं. वस्त्यांच्या सांडपाण्यात ते ०.०२५ टक्क्यांच्या वर गेलं नाही. गटारीचं पाणी पुढे जातं कुठे? इंदूरची कान्ह नदी शिप्रेला मिळते, आणि शिप्रा उज्जैनला जाते.

त्या उज्जैनमध्येच मुलांच्या जुलाबांवरच्या डॉक्टरांच्या ८४३ चिठ्ठ्या तपासल्या गेल्या. २०११ साली निष्कर्ष छापून आले. ७१ टक्के चिठ्ठ्यांत अँटिबायोटिक होतं. फक्त ओआरएस आणि झिंक, बाकी काही नाही, अशा चिठ्ठ्या सहा. मुलांचे बहुतेक जुलाब अँटिबायोटिकशिवाय बरे होतात. ते औषध पोटातल्या निरुपद्रवी जंतूंनाही प्रतिकार शिकवून जातं.

टायफॉइड मुळात पाण्याचा रोग. १९७८ साली जलूदहून नर्मदेचं पाणी इंदुरात आलं तेव्हा घरोघर आनंद झाला, तो रास्त होता. पण नळाची पाइपलाइन आणि गटार शेजारी-शेजारी राहिली, तर नर्मदाही वाचवत नाही. स्वच्छतेत देशात पहिल्या ठरलेल्या या शहरात डिसेंबर २०२५च्या अखेरीस भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि उलट्या-जुलाबांनी माणसं दगावली. पाण्याचं काम सत्तर वर्षं आपण कॅप्सुलांवर ढकललं. मला याचा राग येतो.

आता सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं इंजेक्शन आणि अझिथ्रोमायसिन, एवढाच मुख्य आधार. पाकिस्तानातल्या सिंधमध्ये २०१६पासून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही दाद न देणारा टायफॉइड पसरला. म्हणून विनंती आहे: ताप टिकला, तर अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी रक्त कल्चरला द्या, नुसत्या विडाल चाचणीवर थांबू नका. मुलांना टायफॉइडची लस द्या. आणि आपल्या वॉर्डातल्या नळाच्या पाण्याचा तपासणी अहवाल महापालिकेकडे लेखी मागा.