उन्हाळा, चावरं पिल्लू आणि १८३२ सालची मुंबई



एप्रिल लागला की ओळखीच्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो. हौसेनं आणलेलं कुत्र्याचं पिल्लू एकाएकी सगळ्यांना चावू लागलंय, चपला, पडद्याची झालर, मुलांची बोटं काहीच सोडत नाही. उन्हानं बिथरलं असेल का? आणि लगेच पुढचं वाक्य, "पांजरापोळात देऊन टाकावं म्हणतोय." या दोन वाक्यांमागे किती जुनी गोष्ट आहे, हे फार जणींना ठाऊक नसतं.

उन्हाळ्यात कुत्रं पिसाळतं, ही समजूत युरोपातही फार जुनी. आपण ज्याला व्याध म्हणतो तो तारा ग्रीक-रोमन लोकांच्या लेखी कुत्र्याचा. तो सूर्याबरोबर उगवू लागला की कडक उन्हाळा आणि पिसाळलेली कुत्री, असं त्यांनी जोडून टाकलं होतं. इंग्रज इथं आले ते हीच भीती घेऊन. मुंबईत १८१३ सालच्या पोलिसी नियमानं उन्हाच्या महिन्यांत मोकाट कुत्री मारायची परवानगी दिली. १८३२ मध्ये ही मुदत १५ जूनपर्यंत वाढवली आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम ठेवलं. आठ आणे तेव्हा लहान रक्कम नव्हती. इनामासाठी मग दारातली, पाळलेली कुत्रीही ओढून नेल्याच्या तक्रारी झाल्या.

६ जून १८३२ रोजी पारशी लोक शिपायांवर धावून गेले. कुत्रं त्यांच्या धर्मात पवित्र, आणि तो दिवसही त्यांच्या सणाचा. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. हिंदू, जैन, इस्माईली असे सगळे त्यात उतरले, आणि कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीची रसद अडली. सैन्य आणून, धरपकड करून दंगा मोडला. दगडफेक झाली तीही खरी, तिचं मी कौतुक करणार नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं. "मारू नका" म्हणणाऱ्यांना कुणीही विचारलं असतं, मग या कुत्र्यांचं करायचं काय? मारण्याऐवजी त्यांना गावाबाहेर न्यायची तोड निघाली, आणि १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि आपले शेठ मोतीचंद अमीचंद यांनी पुढाकार घेऊन मुंबईचं पांजरापोळ उभं केलं. हेच ते मोतीशा शेठ, ज्यांची टुंक पालिताण्याला शत्रुंजयावर आपण पाहतो. व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर ठराविक रक्कम काढून खर्च चालवला. बोलून मोकळे झाले नाहीत.

आपलं नाशिक पंचवटी पांजरापोळही एकोणिसाव्या शतकातलंच. पण पांजरापोळ कुणासाठी? ज्याला दार नाही, धनी नाही, त्याच्यासाठी. चुंचाळ्याला काय किंवा दुसरीकडे काय, आज बहुतेक ठिकाणी गाई-गुरंच असतात. धडधाकट, धनी असलेलं चार महिन्यांचं पिल्लू तिथं सोडणं म्हणजे दान नव्हे, आपली जबाबदारी दुसऱ्याच्या दारात ठेवणं.

आणि ते पिसाळलेलंही नसतं. रेबीज हा विषाणूचा रोग, उन्हाचा त्याच्याशी संबंध नाही. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. तीन-चार महिन्यांचं झालं की ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ येतात. फेब्रुवारी-मार्चात दोन महिन्यांचं पिल्लू आणलं की दात बदलायची वेळ नेमकी वैशाखात येते. हिरड्या सुजलेल्या, त्यात कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. नाशिकचा पारा चाळीसला टेकला की त्या जिवाला दोन्हीकडून जाच.

पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात म्हणतो. बांधणं, मारणं, अवयव छेदणं, फार भार लादणं, अन्नपाणी तोडणं. चावरं पिल्लू घरात असलं की यातले तीन तर सहज घडतात. गॅलरीत आखूड साखळीनं बांधलं, थोबाडीत दिली, "आज खायला नको याला." हे सगळं घराघरात शिस्तीच्या नावाखाली चालतं.

करायचं काय, तर सोपं आहे. दुकानात मिळणाऱ्या चघळायच्या कांड्या बहुधा कातड्याच्या किंवा हाडाच्या असतात, त्या आपल्या घरात येणारच नाहीत. लोक गाजर सुचवतात, पण ते कंदमूळ. बर्फ अभक्ष्यात, शिवाय त्याचा कडक खडा कोवळ्या दातांना बरा नाही. जुना सुती पंचा माठाच्या पाण्यात भिजवून, पिळून, त्याची गाठ मारा आणि चघळायला द्या. धागे सुटू लागले की काढून घ्या, गिळले तर पोटात अडकतात. गार काकडीचा जाडसर तुकडाही चालतो, तुम्ही जवळ बसलेल्या असाल तर. बोट चावलं की हात मागे घ्या, खेळ थांबवा, फडकं पुढे करा. दुपारी ओली फरशी, पंखा, भरलेलं पाण्याचं भांडं.

नाशिककरांनी एक मात्र जपावं. द्राक्षं आणि मनुका कुत्र्याला विषासमान, मूत्रपिंडं निकामी होतात. कांदा-लसूणही अपायकारक, त्याची आपल्याला चिंता कमी. आपल्या डब्यातली तापाची, दुखण्याची गोळी चुकूनही देऊ नका. पिल्लू खायचंच थांबलं, सुस्त पडलं, धाप थांबेना, तर लगेच डॉक्टरांकडे न्या. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी देतात, ती राहिली असेल तर याच आठवड्यात टोचून घ्या. आणि कोपऱ्यात तांदळाएवढा दात सापडला तर घाबरू नका, बरेचसे दात तर पिल्लू गिळूनच टाकतं.