पाळी, पाट आणि एकमत : खानदेशातली फड पद्धत

मंडळी, आपण जामनेरकडची माणसं विहिरीवरची. म्हणून आज तुम्हाला जरा पश्चिमेला, धुळ्याकडे पांझरेच्या काठावर नेतो. नदीवर बंधारे घालून पाटानं पाणी न्यायची फड पद्धत तिथं तीनशे वर्षांहून जुनी मानतात. बागलाणात मोसम, आरम या नद्यांवरही ती होती.

पाट म्हटला की भांडण आलंच. हेडचा शेतकरी आधी घेतो, टेलचा वाट बघतो. एकाचा ऊस, दुसऱ्याचा गहू. आज यंत्रांची जाळी चालवणारे इंजिनिअर याच कोड्याला एकमताचा प्रश्न म्हणतात. घटक वेगवेगळे, प्रत्येकाला फक्त शेजाऱ्याची खबर, वरून हुकूम देणारा कोणी नाही. मग सगळे एका आकड्यावर यायचे कसे? ओल्फाती-साबेर आणि मरे यांनी २००४ साली याचं गणित मांडलं. जाळं जोडलेलं असेल तर एकमत होतं. पण खबर फार उशिरा पोचली, तर तेच घटक हेलकावे खात राहतात.

फडात काय केलं? भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे पाडले, तेच फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. सगळ्या शेतांची तहान सारखी, त्यामुळे पाटकऱ्याला दर शेताचा वेगळा हिशोब नको. पाटही चालत जाता येईल एवढा. टेलची तक्रार त्याच दिवशी कानावर. पण खरी मेख पुढं आहे. बऱ्याच जणांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असायची. नदी आटली आणि पंचांनी एक फड कोरडा ठेवला, तर नुकसान एकट्या टेलवाल्याच्या माथी नाही. माणसं फार भली होती म्हणून हे चाललं, असं मला वाटत नाही. ठरवणाऱ्याचंही शेत त्याच कोरड्या फडात होतं. (ज्याला जमीनच नाही, त्याला या एकमतात जागा नव्हती, हेही सांगून टाकतो.)

मग नदीवर वरच्या अंगाला धरणं झाली. पाणी कधी सुटणार ते गावाबाहेर ठरू लागलं. आणि विहिरीवर मोटर आली. मोटरवाल्याला पंचांची पाळी कशाला हवी? भांडण मिटल्यासारखं वाटलं. पण जमिनीखाली विहिरी एकमेकींना जोडलेल्या असतात. माझी मोटर चालली की शेजाऱ्याचं पाणी उतरतं, फक्त ते त्याला कळतं उन्हाळ्यात, कधी काही वर्षांनी. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात बोअर खोल खोल गेले, ते असेच. जोडणी आहे, खबर नाही.

२००५ च्या कायद्यानं कालव्यावर पाणीवापर संस्थांना अधिकार दिले. आपल्या कांग नदीकाठच्या विहिरींचं काय? दोन शेजाऱ्यांनी मोटर कधी लावायची हे एकमेकांना विचारून ठरवलं, असं तुमच्या शिवारात शेवटचं कधी झालं, सांगा बरं.