स्पीकरची गुणगुण आणि तिसरी पिन

होम थिएटरवर नाट्यगीत लावलंय, गायक क्षणभर थांबतो आणि सबवूफरमधून 'घूंऽऽ' ऐकू येतं. असं तुमच्याकडे होतं का? आज त्या आवाजाचा इतिहास पाहू. त्याचा इलाजही त्यातच आहे.

भिंतीतली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. तोच हा सूर. पेटीवर शोधलात तर पांढरी पाचच्या जवळ, पण खूप खालच्या सप्तकात. १८९० च्या दशकात जर्मनीत एईजी कंपनीने ५० चा आकडा धरला, अमेरिकेत वेस्टिंगहाउसने ६० चा. ब्रिटनने पुढे ५० पक्का केला आणि आज मुंबईत नि सिंगापुरात तोच आहे. सिंगापूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे आले १९०६ साली. तेव्हा वीज ट्राम कंपनीच्या केंद्रातून विकत घेत. नगरपालिकेचं सेंट जेम्स वीज केंद्र सुरू झालं १९२७ मध्ये.

सुरुवातीच्या अनेक प्लगांना दोनच पिना असत. उपकरणाच्या धातूच्या खोक्यात वीज उतरली, तर हात लावणाऱ्याला झटका बसे. म्हणून तिसरी, अर्थिंगची पिन आली. आपला भारतातला गोल पिनांचा प्लग १९३४ च्या ब्रिटिश मानकातून आला, सिंगापूरचा चौकोनी पिनांचा १९४७ च्या. या दुसऱ्यात अर्थची पिन मुद्दाम लांब ठेवली आहे. ती आधी आत शिरते आणि सॉकेटमधली झाकणं उघडते.

गुणगुण बहुतेकदा याच अर्थिंगमुळे येते. तुमचा ॲम्प्लिफायर भिंतीतल्या अर्थला जोडलेला असतो आणि केबल टीव्हीची तार इमारतीत दुसरीकडे अर्थला जोडलेली असते. टीव्ही आणि ॲम्प्लिफायर एकमेकांना जोडले की वर्तुळ पूर्ण होतं, त्यात किंचित वीज फिरते आणि ती गाण्यात मिसळते.

शोधायची रीत आम्हा आयटीवाल्यांचीच: एका वेळी एकच बदल. आधी टीव्हीमागची केबलची तार काढा. आवाज थांबला, तर चोर सापडला. त्या तारेवर बसवायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, तो लावा. नाही थांबला, तर बाकीच्या तारा एकेक करून काढा. टीव्ही, ॲम्प्लिफायर आणि सबवूफर एकाच सॉकेटवरून चालवून पाहा. सगळ्या तारा काढूनही घूं चालूच असेल, तर दोष ॲम्प्लिफायरच्या आत आहे. तो तंत्रज्ञाकडे न्या.

एक गोष्ट मात्र करू नका. अर्थची तार कापली की गुणगुण झटक्यात थांबते, म्हणून हा सल्ला हमखास मिळतो. पुण्याहून आणलेला गोल पिनांचा ॲम्प्लिफायर स्वस्त ॲडॅप्टरवर लावला, तरी कधीकधी नकळत हेच होतं, कारण काही ॲडॅप्टरांत अर्थची जोडणीच नसते.

सिंगापुरात १९८५ पासून नव्या घरांत गळतीची वीज तोडणारा आरसीसीबी बसवणं सक्तीचं आहे, आणि १ जुलै २०२५ पासून सगळ्याच घरांत. पण अर्थ जोडलेली असेल, तर खोक्यात वीज उतरताच तो बंद पडतो. अर्थ तोडली, तर त्याला ते कळण्यासाठी कुणाचा तरी हात लागावा लागतो. घरात लहान मुलं असतील, तर तो हात कुणाचा असेल, हे सांगायला नको.

तेव्हा तार शोधा, पिन राहू द्या. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.