नागद्वाराच्या वाटेची कुळकथा

आषाढाचा वद्य पक्ष लागला की नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात, पोत्यांच्या थप्पीआड, चार-सहा हमाल एकत्र बसून कणीक, तूरडाळ, मेणकापड आणि बांबूच्या काठ्या बांधू लागतात. ‘कुठी चालले जी?’ असे विचारले तर ‘नागद्वारले’ एवढाच जबाब मिळतो. अडीचशे किलोमीटरांवरच्या, सातपुड्याच्या अरण्यातील त्या गुहेचा पत्ता नागपुरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

पचमढीच्या धूपगडापलीकडे ही पायवाट दाट झाडीच्या घळींत उतरते. तिथला वालुकाश्म वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या नद्यांच्या वाळूचा आहे. तो पाणी जिरवतो आणि भेगांभेगांतून चिरला जातो, म्हणून तिथे उघडी खोरी न होता अरुंद, उभ्या कड्यांच्या, सूर्यप्रकाशाला पारख्या अशा दऱ्या झाल्या. भूशास्त्रज्ञ मेडलिकॉट याने १८७२ साली या खडकांच्या मालिकेला गोंडवन हे नाव दिले आणि पुढे ऑस्ट्रियाच्या झ्यूसने तेच एका लुप्त महाखंडाला लावले. ज्या गोंडांनी या दऱ्यांतून पावले टाकली, त्यांचे नाव असे पृथ्वीच्या इतिहासात कोरले गेले, याचा मला फार आनंद वाटतो.

पचमढी १८५७ च्या सुमारास कॅप्टन फॉरसिथने ‘शोधून काढली’, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. हे मला मान्य नाही. सीताबर्डीच्या लढाईनंतर कंपनी सरकारच्या कैदेतून १८१८ साली निसटलेले नागपूरकर आप्पासाहेब भोसले आपला मुलूख, दौलत, फौज सारे गमावून पचमढीच्या याच महादेव डोंगरांत गोंड सरदारांच्या आश्रयाला राहिले होते, आणि फॉरसिथच्याच १८७१ च्या ग्रंथात महादेवाच्या यात्रेचे वर्णन आहे. यात्रेकरूंच्या पायांखाली मळलेल्या वाटेला शोधकर्ता कशाला हवा?

त्या पायांची साक्ष शब्दांत उरली आहे. छिंदवाडा जिल्ह्यात, जुन्नरदेव येथे, महादेवाच्या यात्रेचा जो आरंभ मानतात, त्याचे नाव ‘पहिली पायरी’. भोवतालचा मुलूख हिंदीचा आणि गोंडीचा, जिथे रोजच्या बोलण्यात ‘सीढी’ म्हणतात. तरी तिथला मनुष्यही ‘पहली पायरी’च म्हणतो. हरिद्वारच्या ‘हर की पौडी’तील शब्द तिचा सगोत्र असेल, परंतु ‘पाय’ या शब्दापासून आल्याचे उघड दिसणारे हे मराठी रूप इथे रुजले, ते नागपूरकर भोसल्यांच्या अंमलामुळे जितके, तितकेच दरसाल येणाऱ्या वऱ्हाडी-नागपुरी पावलांमुळे, असे माझे मत आहे. नागद्वाराच्या वाटेवर काजळी नावाचे गाव लागते. पुत्रप्राप्तीसाठी एका स्त्रीने नागदेवाच्या डोळ्यांत काजळ घालण्याचा नवस केला, मूल झाले, ती काजळ घेऊन आली आणि देवाचे विराट रूप पाहताच गतप्राण झाली, अशी तिथली कथा आहे. नवसाचे भय आणि निष्ठा इतक्या थोडक्यात सांगणारे ग्रामनाम मला दुसरे ठाऊक नाही.

या वाटेवर ओल्या कड्याला टेकवलेल्या लोखंडी शिडीवरून उतरताना खालचा मनुष्य वर न पाहताच वरच्याचा पाय हाताने धरून पुढच्या दांड्यावर ठेवतो. तो पाय कुणाचा, हे त्याला माहीत नसते. ‘हर बोला महादेव’ एवढे ऐकू आले की पुरते.

कळमन्याच्या बाजूचे पाणी नाग नदीतून कन्हान, वैनगंगा, गोदावरी असे पूर्वसमुद्राला जाते. नागद्वाराच्या घळींतले देनवा-तव्यातून नर्मदेला मिळून पश्चिमेला. मधला जलविभाजक हे यात्रेकरू डोक्यावर शिदोरी घेऊन ओलांडतात, आणि १९५६ साली आखली गेलेली दोन राज्यांची सरहद्दही तशीच ओलांडतात.

ही वाट आता सातपुडा व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यात आहे. नागपंचमी झाली की वनखाते ती बंद करते, आणि पुढच्या यात्रेपर्यंत तिच्यावर माणसाला मज्जाव असतो.