डोक्यावर निखारे

तव्याला खालूनच आच लागते. भाकरी पातळ, म्हणून तिचं निभावतं. ती उलटता येते आणि शेवटी निखाऱ्यावर धरून फुगवता येते. तीन बोटं जाडीचा पाव मात्र उलटण्याजोगा होईस्तोवर बुडाशी करपतो आणि माथ्यावर कच्चाच राहतो. घरात ओव्हन नसताना पाव, केक किंवा नानकटाई भाजायची तर अडतं ते इथेच. वरची आच आणायची कुठून? माणसाने यावर काढलेली सगळ्यात टिकाऊ तोड म्हणजे विस्तव पेलणारं झाकण.

झाकणाच्या आधी राख होती. जॉर्डनमधल्या शुबायका इथल्या उत्खननात चुलीच्या जागी पावाचे जळके कण सापडले आणि २०१८ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे कण सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीचे, म्हणजे शेतीच्याही हजारो वर्षं आधीचे आहेत. पीठ मळायचं आणि तापलेल्या दगडावर किंवा राखेत ठेवायचं, यापलीकडे तेव्हा साधन नव्हतं. विदर्भातले रोडगे आजही गोवऱ्यांच्या विस्तवातच भाजतात. चहूबाजूंनी आच लागत असल्यामुळे उलटण्याची अडचणच उरत नाही. पण राखेला घट्ट गोळाच मानवतो. आंबवलेलं सैल पीठ तिच्यात पसरतं आणि राख त्याला चिकटून बसते. विस्तव हवा, पण पिठाला टेकलेला नको, असा हा पेच होता.

तो सुटल्याची स्पष्ट लेखी नोंद रोममध्ये मिळते. इसवी सनापूर्वी १६०च्या सुमारास केटो या राजकारण्याने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात द्राक्षमळ्याच्या आणि ऑलिव्हच्या हिशेबांमध्येच पाकक्रियाही आहेत. पाव कसा करावा, तर हात आणि भांडं स्वच्छ धुवावं, पिठात पाणी थोडं थोडं घालून चांगलं मळावं आणि मातीच्या झाकणाखाली भाजावं. देवाला वाहायच्या ‘लिबुम’साठी दोन पौंड चीज, एक पौंड पीठ आणि एक अंडं घ्यावं, खाली पानं घालावीत आणि गरम चुलवणावर झाकणाखाली मंद भाजावं. चीज आणि मधाच्या थरांच्या ‘प्लासेंटा’साठी तर झाकण आधी तापवून घ्यावं आणि मग त्याच्या वर व सभोवती निखारे रचावेत. क्रोएशियात घंटेच्या आकाराचं असंच झाकण ‘पेका’ या नावाने अजून वापरात आहे.

रोमनांकडे भट्ट्या नव्हत्या असं नाही. पण विटांची भट्टी तापवायला भरपूर लाकूड लागतं, आणि एका घराच्या दोन पावांसाठी तेवढं जाळणं परवडत नाही. झाकणाला आतली वीतभर हवा तापवली की पुरे. शिवाय भट्टी कुणाच्या मालकीची, हाही प्रश्न होताच. मध्ययुगीन फ्रान्समध्ये पुष्कळ ठिकाणी गावकऱ्यांना जमीनदाराच्याच भट्टीत पाव भाजून घ्यावा लागे आणि त्याचा मोबदला द्यावा लागे. ही सक्ती राज्यक्रांतीत, १७९०च्या दशकाच्या सुरुवातीला कायमची गेली. विस्तवाचं झाकण मात्र ज्याचं त्याचं असे.

मातीचं झाकण फुटायचं. त्याची जागा लोखंडाने घेतली आणि ते लोखंड स्वस्त केलं अब्राहम डार्बी याने. ब्रिस्टलचा हा पितळेचा कारखानदार डच कारागिरांकडून वाळूच्या साच्यात ओतकाम करण्याची रीत शिकला आणि तीच बिडाला लावता येईल का, हे पाहू लागला. १७०७ मध्ये त्याने वाळूत लोखंडी हंडे ओतण्याचं पेटंट घेतलं. चिकणमातीच्या साच्यापेक्षा वाळूच्या साच्याला कष्ट आणि खर्च कमी, आणि हंडा पातळ निघे. दोन वर्षांनी याच डार्बीने कोलब्रुकडेल इथे दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळलं. पाठ्यपुस्तकांत त्याचं नाव येतं ते औद्योगिक क्रांतीच्या प्रकरणात, पण त्या भट्टीतून बाहेर पडत होते ते मुख्यतः स्वयंपाकाचे हंडे.

पुढे या हंड्याला खाली तीन पाय आले आणि झाकणाला उभी कड आली. पायांमुळे निखारे बुडाखाली सरकवता येऊ लागले, कडेमुळे झाकणावरून ते घसरेनासे झाले. आयर्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात खायचा सोडा घरोघरी पोचला आणि तिथल्या मऊ गव्हाला यीस्टपेक्षा तोच जास्त मानवला. ताक आणि सोड्याचा पाव ‘बास्टिबल’ नावाच्या हंड्यात, झाकणावर पेटलेलं पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, ठेवून भाजला जाई. अमेरिकेत चार्ल्स गुडनाइट या पशुपालकाने १८६६ मध्ये गुराख्यांच्या तांड्यासाठी चालतं स्वयंपाकघर असलेली गाडी बांधली. अशा गाड्यांवरचा आचारी आंबवलेल्या पिठाचं पिंप जिवापाड जपे आणि त्या पिठाची बिस्किटं याच हंड्यात भाजे. तिथे या हंड्याला ‘डच ओव्हन’ म्हणतात, आणि युटा राज्याने तर १९९७ मध्ये ते आपलं अधिकृत राज्यभांडंच ठरवून टाकलं.

या हंड्यातलं कसब निखारे वाटण्यात आहे. बारा इंची हंड्याला साधारण चोवीस कोळसे लागतात. त्यातले सोळा झाकणावर आणि आठ खाली. खालची आच लोखंडातून थेट पिठाला भिडते, वरची मात्र मधली हवा ओलांडून येते, म्हणून वर दुप्पट. पिठातलं पाणी टिकून आहे तोवर ते शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही. माथा वाळून १४० अंशांच्या आसपास पोचला की तांबूस रंग धरू लागतो आणि भाजल्याचा खमंग वास सुटतो.

आपल्याकडे हे शिकवायला डार्बी यावा लागला नाही. कोकणात काकडीचं धोंडस आणि सीकेपी घरांतलं कोलंबीचं भानोलं टोपात घालून, झाकणीवर निखारे ठेवून होत असे. गोव्याच्या बिबिंकेत तर वरची आच हीच कर्तीसवरती. नारळाचा रस, अंड्याचा बलक, साखर आणि मैदा यांचा एक थर ओतायचा, वर करवंट्यांचे निखारे धरून तो तांबूस होऊ द्यायचा, तूप लावायचं आणि मगच पुढचा थर. घाई केली की थर एकमेकांत मिसळतात. या बिबिंकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शहरांत मात्र दुसरीच वाट निघाली. नानकटाईचं पीठ घरी मळायचं, डब्यात भरून कोपऱ्यावरच्या बेकरीत न्यायचं आणि तिथल्या भट्टीत भाजून आणायचं.

गॅस आला, निखारे गेले, आणि वरची आच पुन्हा हरवली. कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाशी वाळू किंवा मीठ पसरून केक करण्याची युक्ती २०२०च्या टाळेबंदीत घरोघरी पोचली. वाळू खालची आच पसरवते, झाकण ती कोंडून धरते, केक उत्तम फुगतो. माथा मात्र फिकाच राहतो, कारण झाकणावर काहीच पेटलेलं नसतं. नानकटाई लहान आणि कोरडी म्हणून तिचं भागतं, पावाला ही उणीव लगेच जाणवते.

आणि ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांचं काय? नोव्हेंबर २००६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये जिम लेही या बेकरची न मळता करायच्या पावाची कृती आली आणि जगभर पसरली. तिची किल्ली अशी, की बिडाचं जड भांडं ओव्हनमध्ये आधी कडकडीत तापवायचं, त्यात सैल पीठ सोडायचं आणि झाकण लावायचं. पिठाचीच वाफ आत कोंडते, पृष्ठभाग लवकर वाळत नाही, पाव मोकळेपणी फुगतो आणि नंतर झाकण काढलं की वरचा पापुद्रा कुरकुरीत होतो. घरगुती ओव्हनची पेटी मोठी आणि वाफ निसटू देणारी, त्यामुळे एकट्या तिला हे साधत नाही. ओव्हन परवडत नव्हता म्हणून घेतलेलं झाकण आता ओव्हनवाल्यांनाही लागतं.