एकबारी बंदुकीची साक्ष

भोर तालुक्यातील आंबवडे हे गाव इतिहासात येते ते तलवारीच्या वाटेने. कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या या गावात आहेत. सह्याद्रीच्या पलीकडे, मंडणगड तालुक्यात, जवळपास याच नावाचे आंबडवे आहे. ते सुभेदार रामजी सकपाळांचे, म्हणजे बाबासाहेबांच्या वडिलांचे, मूळ गाव. या दोन नावांची गल्लत पुष्कळदा होते. ती अक्षरांची आहे एवढेच म्हणून सोडून देता येईल. पण दोन्ही गावे शेजारी ठेवून पाहिली की एक प्रश्न पडतो. तलवार धरणाऱ्यांच्या समाध्या झाल्या, बखरी झाल्या, पोवाडे झाले. खांद्यावर कंपनी सरकारची आणि पुढे राणी सरकारची बंदूक घेऊन पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या शिपायांचा इतिहास कुठे आहे?

त्याचे कागद आहेत, पण ते लिहिले साहेबाने. शिपायाने स्वतः लिहिलेले फार थोडे. अशा वेळी वस्तूला साक्षीला बोलवावे लागते. एका वेळी एकच बार काढणारी जुनी एकबारी बंदूक ही अशी साक्षीदार आहे. ती कोणत्या सालची, कुणासाठी घडवलेली आणि कुणाच्या हाती कधी आली, एवढे वाचता आले तर सैन्यातील विषमतेचा एक सबंध अध्याय उलगडतो.

1 जानेवारी 1818 रोजी कोरेगाव भीमा येथे लढलेल्या शिपायांच्या हाती चकमकीची ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालायची, गजाने ठासायची, मग बार काढायचा. पुढे चकमक गेली आणि तांब्याची टोपी आली, तरी ठासणी राहिली. निष्णात शिपाई मिनिटाला तीन बार काढी. या काळात गोऱ्याची बंदूक आणि काळ्याची बंदूक यांत मोठा फरक नव्हता. फरक पगारात होता, हुद्द्यात होता, मानात होता.

बंदुकीत भेद शिरला तो 1857 नंतर. त्या उठावाने धास्तावलेल्या सरकारने दोन गोष्टी केल्या. काही डोंगरी तोफखाने वगळता तोफा हिंदी शिपायांच्या हातून काढून घेतल्या, आणि हिंदी पलटणींना जाणूनबुजून कमी पल्ल्याची बंदूक दिली. 1853 च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलीच्या नळीत आतून पिळदार खाचा असत. त्यांमुळे गोळी फिरत जाई आणि लांबवर नेम लागे. हिंदी पलटणींसाठी तशाच दिसणाऱ्या, पण आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका काढल्या. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच वाटाव्यात. नळीत डोकावणाऱ्यालाच भेद कळावा. आपल्या समाजव्यवस्थेचे याहून नेमके चित्र कुणी काढले असेल असे मला वाटत नाही.

1866 मध्ये इंग्लंडने स्नायडर ही मागून भरायची बंदूक स्वीकारली. तिची युक्ती जेकब स्नायडर या अमेरिकन माणसाची. जुन्या एन्फिल्डची नळी मागे कापून तिथे पानाच्या डब्याच्या झाकणासारखी उजवीकडे उघडणारी ठोकळी बसवली. घोडा अर्धा चढवायचा, झाकण उघडून मागे ओढायचे, म्हणजे रिकामे काडतूस सुटते. बंदूक कलती करून ते पाडायचे, नवे घालायचे, झाकण लावायचे, घोडा पूर्ण चढवून चाप ओढायचा. मिनिटाला दहा बार निघत. मग 1871 मध्ये मार्टिनी-हेन्री आली. तिला बाहेर घोडा नाही. मुठीखालची तरफ खाली दाबली की आतली ठोकळी उतरते आणि रिकामे काडतूस आपोआप बाहेर फेकले जाते. नवे सरकवून तरफ वर घेतली की बंदूक तयार. मिनिटाला बारा बार निघत, आणि पल्ला व नेम दोन्ही स्नायडरपेक्षा सरस.

गोऱ्या पलटणीच्या हाती मार्टिनी-हेन्री आली तेव्हा स्नायडर हिंदी पलटणीकडे उतरली. 1888 मध्ये अनेक बारांची ली-मेटफर्ड स्वीकारली गेली. ती गोऱ्यांकडे जाऊ लागली तसतशी मार्टिनी-हेन्री खाली उतरत गेली. वरच्यांनी वापरून टाकलेले खालच्यांनी घ्यावे, हा नियम गावात उष्ट्या अन्नाला आणि उतरलेल्या कपड्यांना लागू होता. साम्राज्याने तो बंदुकीला लावला.

या नियमाची किंमत 27 जुलै 1880 रोजी अफगाणिस्तानात मैवंदच्या मैदानावर मोजली गेली. ब्रिगेडियर बरोज यांची सुमारे अडीच हजारांची फौज आयूबखानाच्या कित्येक पटींनी मोठ्या सैन्यासमोर उभी राहिली. तिच्यापाशी 12 तोफा होत्या, तर आयूबखानापाशी 30. या फौजेतील 66 वी गोरी पलटण मार्टिनी-हेन्री घेऊन लढली. पहिली बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि तिसावी बॉम्बे पलटण, म्हणजे जेकब्ज रायफल्स, स्नायडर घेऊन लढल्या. भर उन्हात, पाण्याविना, तोफांच्या माऱ्याखाली त्या तासन्‌तास तग धरून होत्या. अखेर डाव्या बाजूच्या जेकब्ज रायफल्सच्या दोन कंपन्या ढासळल्या. त्यांत बरेच शिपाई नवखे होते. मग सारी रांगच कोसळली. या फौजेचे साडेनऊशेहून अधिक लोक पडले.

पराभवाचे कारण एकटी बंदूक नव्हती. तोफा, संख्या, जागेची निवड, सेनापतीचे निर्णय या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. तसेच, हिंदी पलटणी त्या काळी मिश्र जातींच्या होत्या, म्हणून मैवंद ही एका जातीची कथा नाही. प्रश्न त्यानंतर काय झाले हा आहे. 66 व्या पलटणीच्या मृतांसाठी इंग्लंडात रेडिंग या गावी 1886 मध्ये एक प्रचंड सिंह उभारला गेला. मुंबई इलाख्याच्या शिपायाच्या वाट्याला काय आले? ‘लढाऊ जमाती’चा सिद्धान्त. 1885 पासून 1893 पर्यंत हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स हे या सिद्धान्ताचे मोठे पुरस्कर्ते. दक्षिणेकडचा आणि मुंबई इलाख्याचा माणूस उत्तरेकडच्या माणसाच्या तोडीचा लढवय्या नाही, असा त्यांचा पक्ष होता. 1892-93 च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली, ज्यांची मुले पलटणीच्या शाळांत शिकली, त्यांना एका हुकमाने घरी बसवले.

आधी माणसाला दुय्यम हत्यार द्यायचे आणि मग त्या हत्याराचा निकाल माणसाच्या रक्तावर लिहायचा, ही युक्ती इंग्रजांनी शोधून काढली असे नाही. शाळेची दारे बंद ठेवून अमुक जातीला बुद्धी नसते म्हणणारे आपल्याकडे आधीपासून होते. परकी सत्ता आणि देशी जातव्यवस्था यांची भाषा या एका बिंदूवर जुळली. म्हणूनच निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 मध्ये केलेला भरतीसाठीचा अर्ज आणि शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 मध्ये केलेली मागणी हे निव्वळ नोकरीचे अर्ज म्हणून वाचू नयेत. खोट्या विज्ञानाला दिलेली ती पहिली लेखी उत्तरे आहेत. इंग्रजांच्या फौजेचा गौरव करावा असे मला म्हणायचे नाही. ती साम्राज्याची फौज होती. पण त्या फौजेतील शिपायावर मारलेला शिक्का खोटा होता, हे सांगणे आपले काम आहे.

आता कार्यकर्त्यांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी. जुन्या वाड्यात, संग्रहालयात किंवा एखाद्या घराच्या माळ्यावर अशी बंदूक दिसली तर ती वाचायची कशी? स्नायडरच्या घोड्याशेजारी लोखंडी पट्टी असते. तिच्यावर मुकुट, राणीची ‘व्ही. आर.’ ही अक्षरे, कारखान्याचे नाव आणि साल असते. तिथे 1866 पूर्वीचे साल दिसले म्हणून ती बनावट ठरत नाही. ती ठासणीच्या एन्फिल्डची बदललेली बंदूक असू शकते. मार्टिनी-हेन्रीवर हाच मजकूर उजव्या बाजूला असतो. बाणाच्या खुणेबरोबर इंग्रजी ‘आय’ अक्षर दिसले तर ती हिंदुस्थानच्या खात्यातली. आता खोट्याची ओळख. राणीचे निधन जानेवारी 1901 मध्ये झाले. त्यामुळे ‘व्ही. आर.’ असून त्यानंतरचे साल असेल, किंवा एन्फिल्ड शब्दातील एखादे अक्षर उलटे असेल, तर ती सरहद्दीवरच्या दऱ्याखोऱ्यांत हातांनी घडवलेली नक्कल समजावी. नक्कल म्हणून ती फेकून देऊ नये. तिलाही स्वतःचा इतिहास आहे.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. अशी बंदूक चालवून पाहू नये. या नळ्या काळ्या दारूसाठी घडवल्या आहेत. आजच्या धूररहित दारूच्या दाबाने त्या फुटतात, आणि फुटतात त्या चालवणाऱ्याच्या तोंडाशी. शिवाय, दुरुस्त करूनही चालणार नाही असे निकामी जुने हत्यार सोडले तर बाकीच्यांना 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याचा प्रश्न येतो. म्हणून नोंद घ्यावी, परवानगीने छायाचित्र काढावे, आणि ते हत्यार संग्रहालयात कसे जाईल ते पाहावे.

एकबारीची गोष्ट एकोणिसाव्या शतकात संपली नाही. विसाव्या शतकात इच्छापूरच्या कारखान्यात अनेक बारांच्या ली-एन्फिल्ड घेऊन त्यांच्या काडतुसांच्या पेटीच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवला गेला, नळी आतून गुळगुळीत केली गेली, आणि त्या पोलीस व पहारेकऱ्यांना दिल्या गेल्या. चांगली बंदूक मुद्दाम अधू करून द्यायची, हे धोरण राणीनंतरही टिकले. ज्याच्यावर विश्वास नाही त्याला एकच बार.

1 ऑक्टोबर 1941 रोजी महार रेजिमेंट बेळगावला उभी राहिली आणि शिक्का पुसला गेला. तो पुसायला जवळजवळ पन्नास वर्षे अर्ज लिहावे लागले. आपल्या गावातील निवृत्त शिपायांच्या घरी पेन्शनचे कागद असतील, पदके असतील, म्हाताऱ्यांच्या तोंडी पलटणीची नावे असतील. ती विचारून, लिहून घेतली पाहिजेत. समाध्या सरदारांच्या झाल्या आहेत. शिपायाची नोंद अजून आपल्याच हाताने व्हायची आहे.